झोफिंगेनची तयारी, शेवटच्या ३० किलोमीटरपासून उलटी

लांब पल्ल्याची ड्युएथ्लॉन म्हणजे पोहणं वगळलेली ट्रायथ्लॉन, असं समजून बरेच जण या खेळाकडे वळतात. पोहता येत नाही ना, मग हे सोपं. पण ट्रायथ्लॉनमध्ये पोहताना पाय तरी ताजे राहतात. इथे पायांना सुट्टीच नाही. झोफिंगेनच्या पॉवरमॅन नावाच्या ड्युएथ्लॉन रेसमध्ये आधी १० किलोमीटर पळायचं, मग १५० किलोमीटर सायकल, आणि त्यावर पुन्हा ३० किलोमीटर पळायचं. सगळं चढउताराचं. स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतातल्या या छोट्या गावात १९८९ पासून ही रेस भरते आहे आणि लांब पल्ल्याच्या ड्युएथ्लॉनची जागतिक स्पर्धाही कित्येक वर्षं इथेच झाली. अव्वल पुरुष सव्वासहा-साडेसहा तासांत मोकळे होतात. आपल्यासारख्या हौशी मंडळींनी नऊ तासांच्या पुढचा हिशेब धरावा.

मी साताऱ्याची. पतसंस्थेत नोकरी, पन्नाशी जवळ आलेली, घरात सासूबाई आणि बारावीचा मुलगा. त्यामुळे माझी तयारी पहाटे आणि पावसात झाली. खाली लिहिलंय ते अशाच लोकांसाठी, ज्यांना आठवड्याला दहा-बारा तासांवर एक तासही जास्त मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच की ही रेस १६० किलोमीटर संपल्यावर सुरू होते. त्याआधीचं सगळं त्या ३० किलोमीटरसाठी पाय राखून ठेवायचं काम आहे. म्हणून तयारी शेवटाकडून आखायची, आणि मीही लिहिताना तोच क्रम ठेवते.

शेवटचे ३० किलोमीटर

गावामागे टेकड्या आणि जंगल आहे, रस्ता त्यातूनच वर-खाली जातो. सगळे चढाला घाबरतात. चढाचं काही नाही, चढ चालत जाता येतो. मांड्या फोडतो तो उतार. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी आकसून तुमचं वजन थोपवत असतो. या ओढाताणीत त्याचे तंतू बारीक बारीक तुटतात. सिंहगड किंवा अजिंक्यतारा पहिल्यांदा पळत उतरलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, ते याचमुळे. पण हाच स्नायू एकदा असा मार खाऊन सावरला की पुढचे काही आठवडे त्याच माराला दाद देत नाही. आपल्या तयारीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हा.

मी समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चालत-पळत चढते आणि खरा व्यायाम परतीच्या उतारावर करते. दर दहा-पंधरा दिवसांनी एकदा, सुरुवातीला दोन-तीन किलोमीटर उतार, मग वाढवत पूर्ण घाट. पावलं आखूड आणि झटपट, गुडघा किंचित वाकलेला, हात सैल. टाच पुढे रोवून ब्रेक लावायचा नाही, त्यात गुडघा आणि मांडी दोन्ही जातात. नजर पायाखाली न ठेवता आठ-दहा पावलं पुढे. उताराचा शेवटचा मोठा व्यायाम रेसच्या अडीच-तीन आठवडे आधी संपवा. त्यानंतर मांड्यांना हात लावू नका.

दुसरी गोष्ट ब्रिकची, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळण्याची. सायकलवर ९०–१०० किलोमीटर, त्यात एक तरी घाट, आणि मग १२ ते १६ किलोमीटर पळणं, एवढं पुरतं. काही जण सरावातच सायकलनंतर ३० पळून बघतात. त्यातून मिळतं कमी आणि भरून यायला दोन आठवडे जातात. सर्वात लांब पळणं २८–३० किलोमीटर असावं, पण वेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी. सर्वात लांब सायकल १५०–१६०, तीही वेगळी. एकदाच, रेसच्या साधारण महिनाभर आधी, रंगीत तालीम करायची: ५ पळा, १०० सायकल, मग १८ पळा. कपडे, बूट, खाणं, सगळं रेसचंच.

रेसमध्ये सायकल ठेवून बाहेर पडलात की पहिले तीन किलोमीटर घड्याळात वेग बघू नका. पाय लाकडाचे वाटतात, ते सगळ्यांचेच वाटतात. आखूड पावलं टाकत राहा. कोणते चढ चालत जायचे हे आदल्या दिवशी मार्ग बघून ठरवून टाका, म्हणजे चालताना मनात भांडण होत नाही. चालायचं तर हात मांडीवर टेकून झपझप चाला, बाजारात निघाल्यासारखं नको. चढावर आपण चालत असताना पळत पुढे गेलेल्या माणसाला आपण पुढच्या सपाटीवर गाठतो, हा अनुभव तुम्हाला येईलच.

सायकल

१५० किलोमीटर तीन फेऱ्यांत होतात आणि प्रत्येक फेरीत बोडेनबर्गचा चढ येतो. पहिल्या फेरीत तो गोड लागतो. म्हणूनच सांगते, तिसऱ्या फेरीत जितक्या जोरात चढवेल तितक्याच जोरात पहिल्यांदा चढा. पॉवरमीटर, म्हणजे पेडलवरची ताकद मोजणारं यंत्र, असेल तर तासभर टिकणाऱ्या तुमच्या कमाल ताकदीच्या ६५–७० टक्क्यांवर राहा, चढावर थोडं वर गेलं तर चालेल. नसेल तर बोलून बघा: पूर्ण वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. मी ‘गणपती अथर्वशीर्ष’ म्हणते, कुठे तुटतं ते कळतं. चढावर उभं राहून पेडल मारायचा मोह टाळा, त्यात पोटऱ्या खर्च होतात आणि त्या पुढे लागणार आहेत.

गिअरच्या बाबतीत गर्व नको. पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११–३४ दातांची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, लावा. सायकलवाला ‘एवढी मोठी कशाला, घाटात चालतं की ११–२८’ म्हणेल. त्याला ३० पळायचं नसतं.

सरावाला साताऱ्याइतकी सोयीची जागा नाही, हे मी पक्षपात करून सांगते. सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट उतरून वाई आणि परत सातारा, अशी साधारण १२० किलोमीटरची फेरी होते. केळघरचा चढ बोडेनबर्गपेक्षा लांब आहे, त्यामुळे तिथे शांत चढायला शिकलात तर स्वित्झर्लंडमध्ये काही नवं वाटणार नाही. पुण्याच्या मंडळींनी जुना कात्रज, बोपदेव आणि सिंहगड पायथा जोडावा. नाशिककरांना कसारा आहे, कोल्हापूरला पन्हाळा आणि गगनबावडा.

फक्त एक मोठा फरक आहे. आपण रविवारी ग्रुपने निघतो आणि पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून जातो. इथे ते चालत नाही. लांब पल्ल्याच्या रेसमध्ये पुढच्या सायकलपासून साधारण १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं, त्या पट्ट्यात शिरलात तर ठरलेल्या सेकंदांत ओलांडून पुढे जायचं, नाहीतर पेनल्टी. अंतर आणि सेकंद त्या वर्षीच्या नियमपत्रकात पाहून घ्या. म्हणून शेवटचे दोन महिने लांब सायकल एकट्यानेच करा. वाऱ्यात एकटं बसून सहा तास जायचे म्हणजे मान आणि कंबरेचीही तालीम लागते. एअरोबारवर, म्हणजे ओणवं होऊन कोपर टेकवायच्या पुढच्या दांड्यांवर, पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वाढवत न्या.

आणि उजवी बाजू! तिकडे रस्त्याच्या उजवीकडून जायचं आणि डावीकडून ओलांडायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दमलेलं डोकं सवयीवर चालतं, आणि आपली सवय डावीकडची. तीन-चार दिवस आधी पोहोचा आणि रोज तासभर तिकडच्या रस्त्यावर सायकल चालवा, विशेषतः चौकात वळायचा आणि उतारावर ओलांडायचा सराव करा. रस्ते इतके गुळगुळीत असतात की उतारावर वेग कधी वाढला ते कळत नाही. खड्डा नसणं हीसुद्धा सवय लावून घ्यायची गोष्ट आहे.

खाणं

सायकलवर तासाला ६० ते ८० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. शरीरातला साठा दोन हजार कॅलरीच्या आसपास, आणि रेसला लागतात त्याच्या कितीतरी पट. उरलेलं काही चरबीतून येतं, काही तोंडावाटे घालावं लागतं. महागडी पावडर घ्यायचीच असं नाही. आतडं नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या पुढे फारसं ओढून घेत नाही, फ्रुक्टोज मात्र वेगळ्या दारानं आत जातं. आणि आपली साधी साखर म्हणजे ग्लुकोज नि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं. ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. झालं. आजीच्या सरबतापेक्षा थोडं खारट लागतं, बाकी तेच.

पण हे पोटाला शिकवावं लागतं. दोन-अडीच महिने आधीपासून प्रत्येक लांब सरावात घड्याळ लावून, दर पंधरा मिनिटांनी घोट. आमच्याकडे ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, हॉलमध्ये लावलेला, समोर सासूबाईंची मालिका चालू. ‘जागचं हलत नाहीस आणि एवढी साखर पितेस?’ असं त्यांनी एकदा विचारलं होतं. त्यांना ट्रेनरवर घामाचं तळं झालेलं दाखवलं तेव्हा पटलं.

घनपदार्थांत उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी आणि बी काढलेला खजूर माझ्या पोटाला मानवतात. राजगिऱ्याचा लाडू चढावर हातातच चुरा होतो. कंदी पेढा न्यायचा मोह साताऱ्याच्या माणसाला होणारच, मलाही झाला. तो धापा टाकताना टाळूला चिकटतो आणि गिळायला पाणी मागतो. तिकडच्या ओळखीच्यांना वाटायला न्या. पहिल्या दोन फेऱ्यांत घन, तिसऱ्या फेरीत फक्त पातळ, म्हणजे पळायला उतराल तेव्हा पोट डुचमळत नाही. पळताना जेल (पुडीतला साखरेचा घट्ट पाक) किंवा कोला, घोटघोट.

साखर-मिठाच्या पुड्या मोजून बांधून विमानाने नेऊ नका. पारदर्शक पिशव्यांत पांढरी पावडर, वर इंग्रजीत काही लिहिलेलं नाही, आणि कस्टम्सच्या माणसाला तुम्ही सांगणार लिंबू सरबत. साखर आणि मीठ तिकडे मिग्रो किंवा कोपच्या दुकानात मिळतं, फक्त छोटा डिजिटल काटा सोबत ठेवा. बायकांसाठी आणखी एक, विशेषतः शाकाहारी असाल तर: तयारी सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि साठा रिकामा असतो. पाळीच्या तारखा सरावाच्या वहीत लिहिल्या तर कोणत्या आठवड्यात काय झेपतं हे तीन महिन्यांत दिसायला लागतं.

पहिले १० किलोमीटर

यावर फार लिहिण्यासारखं नाही, फक्त पाळायला अवघड आहे. सप्टेंबरची सकाळ, गार हवा, आजूबाजूला शेकडो लोक, आणि बंदूक वाजताच सगळे सुसाट. जाऊ द्या त्यांना. तुम्ही एरवी १० किलोमीटर ५० मिनिटांत पळत असाल तर इथे ५७–५८ मिनिटं घ्या. इथे गमावलेली सात-आठ मिनिटं शेवटच्या टप्प्यात व्याजासकट परत मिळतात, हे पतसंस्थेतली बाई सांगते आहे. पळताना नाकानं श्वास घेता आला पाहिजे. नाही आला तर जास्त जोर लागतोय.

मग सायकलकडे. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. परत आल्यावर सायकल स्टँडला टांगायची, मगच पट्टा सोडायचा. बसायची रेघ ओलांडूनच बसायचं. नंबर कमरेच्या पट्ट्यावर लावा, सायकलवर मागे आणि पळताना पुढे फिरवून घेता येतो. इअरफोन चालत नाहीत, कचरा टाकलात तर शिक्षा होते. अंगणात दोन खुर्च्यांमध्ये काठी आडवी टाकून त्यावर सायकल टांगा आणि हे सगळं वीसेकदा करा. शेजारी बघतात, बघू देत.

पावसाळा

खरी अडचण ही आहे. रेस सप्टेंबरात, म्हणजे सगळ्यात जड सराव जून ते ऑगस्ट. साताऱ्याच्या पश्चिमेला तेव्हा धो-धो पाऊस, केळघरला कधी दरड, महाबळेश्वरला दहा फुटांवरचं दिसत नाही. धुक्यात घाटात सायकल घालू नका, मागे लाल दिवा असला तरी नको. समोरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही आणि दिसलात तर ती थांबत नाही. लांब चढाच्या फेऱ्या मे अखेरीपर्यंत उरकून घ्या. जून-जुलैत आठवड्याच्या मधल्या दिवशी ट्रेनर, शनिवारी पूर्वेकडे जा. कोरेगाव, रहिमतपूर, फलटणच्या बाजूला पाऊस कमी असतो, तिकडचे रस्ते सपाट असले तरी चार तास न थांबता पेडल मारता येतं. चढाची भूक ट्रेनरवर जड गिअरने भागवा: दहा मिनिटं मिनिटाला साठ फेऱ्यांच्या गतीने, पाच मिनिटं सैल, असं चार-पाचदा.

पळणं मात्र पावसातच करा. शूजच्या दोन जोड्या हव्यातच, ओल्या जोडीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायची, बोळे दोन तासांनी बदलायचे. काखेत, मांडीत आणि इनरच्या कडांना व्हॅसलीन, नाहीतर घरी आंघोळीला पाणी घेताच कळतं कुठे कुठे सोलवटलंय. पावसातल्या प्रत्येक फेरीनंतर साखळी पुसून तेल द्या. ब्रेकपॅडमध्ये लाल मातीचे खडे अडकतात आणि रिम खातात, ते टोकदार काडीनं काढा. ऑगस्ट संपता संपता कासला फुलं बघायला गर्दी सुरू होते, मग शनिवार-रविवार यवतेश्वरच्या बाजूला जाऊच नका, किंवा उजाडायच्या आत उतरून या.

आठवडा माझा साधारण असा: सोमवार विश्रांती, मंगळवार चढाच्या फेऱ्या पळत, बुधवार ट्रेनर, गुरुवार सावकाश पळणं, शुक्रवारी घरच्या घरी वजनं आणि एका पायाची उठाबैठक, शनिवार सायकल आणि ब्रिक, रविवार लांब पळणं. दर चौथा आठवडा निम्मा. लग्नसराईत, ऑडिटच्या वेळी, घरात आजारपण आलं की आठवडा जातो. गेलेला आठवडा पुढच्या आठवड्यात भरून काढू नका, तो गेला. शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत न्या, पण थोडा वेग ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात.

प्रवास, आणि नाव नोंदवावं की नाही

स्वित्झर्लंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जून-जुलैची गर्दी बघता मे महिन्यातच अपॉइंटमेंट घ्या. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, पण तो घेताना स्पर्धेत झालेली दुखापत त्यात बसते का ते वाचा, पुष्कळ पॉलिसींत बसत नाही. झुरिक विमानतळावरून ओल्टेनमार्गे रेल्वेने साधारण तासाभरात झोफिंगेन येतं. तिकडच्या रेल्वेत पिशवीत बांधलेली सायकल हातातल्या सामानासारखी फुकट जाते, उघड्या सायकलला तिकीट लागतं. सायकलच्या पेटीत मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फ्रेमच्या आत गुंडाळा, टायरमधली हवा कमी करा, आणि हवा भरायच्या सीओटूच्या नळकांड्या ठेवू नका, साधा पंप न्या. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून आटे खराब करू नका. सीटपोस्टला उंचीची खूण टेपने करून ठेवा, जोडताना शोधाशोध नको. वयोगटातल्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरायचं असेल तर नाव राष्ट्रीय संघटनेमार्फत जातं, त्यामुळे तिथली मुदत आधी बघा.

दमायला झालं की बळ द्यायला एक नाव सांगते. ब्रिटनची एमा पूली ही मूळची सायकलपटू, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीचं, रौप्यपदक तिचं. पुढे झोफिंगेनची ही रेस ती २०१४ ते २०१७ अशी ओळीने चार वर्षं जिंकली. चढावर ती भारी होतीच, पण सायकलवरून उतरल्यावर पळायलाही तिच्याकडे पाय शिल्लक असायचे.

नाव कोणी नोंदवावं? निदान दोन वर्षं सलग पळणं चालू असेल, एखादी डोंगरी हाफ मॅरेथॉन, साताऱ्याची किंवा दुसरी कुठलीही, न लंगडता पूर्ण झाली असेल, १०० किलोमीटर सायकल करून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत असेल, तर दहा महिने हातात ठेवून नोंदवा. यातलं एखादं नसेल तर आधी १०-६०-१० ची, म्हणजे १० पळणं, ६० सायकल, १० पळणं अशी, छोटी पॉवरमॅन करा. मलेशियात पुत्रजयाला होणारी रेस त्याच अंतराची, तिकीट स्वस्त आणि उकाडा आपल्या ओळखीचा. घरच्यांना मात्र नोंदणीच्या आधी सांगा. दहा महिन्यांचे शनिवार त्यांचेही जाणार आहेत.